होल्डान

बेळगावात अप्पांचा उजवा डोळा झाला.
डाव्यात अजून पिकलेलं धुकं आहे,
उजव्यावर हिरवं फडकं, वर काळा चष्मा,
मांडीवर थेंबांच्या बाटल्यांची पिशवी,
पूर्वी जिथं नाण्यांची असायची.

निपाणीपर्यंत सव्वा तास, मी म्हटलं.
“साडेतीन,” अप्पा म्हणाले. “ऑर्डिनरी हाय ही.”

काकती आली, हे त्यांनी मला सांगितलं.
गाडी मी चालवतेय, मला दिसतंय,
तरी सांगितलं, आणि काचेवर
अंगठीनं एकदा टक् केलं. होल्डान.
मी हसत थांबवली. कुणी चढलं नाही.
टक् टक्. रैट.
होनग्यालाही तेच.

सुतगट्टीचं वळण त्यांना पाठीतनं कळलं.
“हितं म्हशी असत्यात, दमानं.”
म्हशी नव्हत्या. रुंद काळा रस्ता होता
आणि गाव कुठंतरी पुलाखाली गेलेलं.
पुलावर थांबणार नाही म्हटल्यावर
त्यांनी तोंड फिरवलं,
एखादा ओळखीचा माणूस बिनतिकिटाचा निघावा तसं.

यमकनमर्डीला दोन इडल्या, उन्हं असतानाच.
दिवस मावळला की त्यांचं तोंड बंद,
सर्व्हिसमध्ये रात्रीच्या फेरीलासुद्धा
ताकाचा घोट नाही.
हॉटेलवाला कानडीत विचारतो, अप्पा मराठीत सांगतात,
मग तो मराठीत, तर अप्पा कानडीत.
बसमध्ये असंच असायचं म्हणे,
ज्यानं ज्या भाषेत पैसे दिले
त्याला त्याच भाषेत सुट्टे नाहीत.

मी त्यांच्या बसमध्ये कधी बसले नाही.
आठवते ती रात्री उशिरा
सतरंजीवर ओतलेली चिल्लर,
आणि एकदा झोपेत
माझ्या पाठीखाली राहिलेली पावली.
सकाळी हिशेबात पंचवीस पैसे कमी.
मी अजून सांगितलेलं नाही.

हत्तरगीचा टोल गेला, आणि पुढं
एका फाट्यावर, जिथं शेड नाही, पाटी नाही,
अप्पांनी टक् केलं.
आणि खरंच तिथं एक बाई उभी होती,
डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं.
मागच्या दाराशी येऊन म्हणाली, “संकेश्वरकऽ?”
“हत्रि, हत्रि. मुंद होग्री.”
अल्टोत पुढं सरकायला कुठली जागा!

गाडीभर ठसका.
“एष्टरी?”
“दोन साठ.”
मी आरशातून बघितलं. ती हसली नाही.
कनवटीची दहाची नोट तिनं पुढं केली.
अप्पांनी पिशवी चाचपली, बाटल्या वाजल्या.
मग माझ्याकडं टोलची पावती मागितली,
गुडघ्यावर धरून, न बघता, पाठीमागं लिहिलं,
बाकी सात चाळीस. खाली सही,
बी. आर. मगदूम, बिल्ला नंबरसकट.
तिनं चार घड्या घालून ती कनवटीला लावली
आणि हिरण्यकेशीच्या पुलाआधी उतरून
मागं न बघता गेली.

कणगल्याला टक् झालं नाही.
तवंदी घाटात नाही.
एकदाच बोलले,
“उतरताना मागत्यात लोक. ही इसरली.”
बऱ्याच वेळानं, “का मीच.”

तंबाखूचा वास आला म्हणजे घर.
मी दारात लावली. ते बसूनच.
“मागची सीट बघ, राजमती.
कुणाचं काय राहिलंय का.”
कुणाचं राहणार, म्हणत मी वळले.
मूठभर लाल मिरच्या होत्या,
गाठोड्यातून सांडलेल्या
का ठेवलेल्या, कळत नव्हतं.
ओंजळीत घेऊन त्यांच्या नाकाशी नेल्या.

“डब्यात निराळ्या ठेव,” अप्पा म्हणाले,
“तिचं येणं हाय आपल्याकडं.
आणि हात धू. दोनदा धू.
साडेपाचला थेंब घालायचेत.”